सोपारे, वसईचा कोट व चिंचोटी
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या युवक-मेळाव्यात धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आज हा मेळावा भरला आहे. त्यात तरुणांस चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्या, अशी महोत्सव-समितीची आम्हांस आज्ञा झाली. उपदेश आमच्याकडून दर रविवारी होतच असतो, आणि तो चालू असता कोण कोण घड्याळाकडे पाहतो हे वेदीवरून आम्हांस स्वच्छ दिसते. सबब आज उपदेश बाजूस ठेवून एक वृत्तांत सांगण्याचे आम्ही योजिले आहे. सन २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात, १ व २ या तारखांस, आपल्या युवक-मंडळाने सायकलींवरून जी सफर केली तिचा हा वृत्तांत होय. तिच्याविषयी गावात बरेच बोलले गेले आहे. त्यात काही खरे आहे, काही पदरचे आहे. तेव्हा जे प्रत्यक्ष घडले ते एकदा सर्वांसमक्ष सांगितलेले बरे.

कल्पना मूळची मुलांची. पावसाळा सरता सरता मंडळाच्या बैठकीत कोणी चिंचोटीच्या धबधब्याचे नाव काढिले, कोणी वसईच्या कोटाचे. आम्ही सहज विचारिले की, कोट आतून नीट पाहिलेले तुमच्यात किती आहेत? सव्वीस जणांपैकी नऊ हात वर झाले. सोपाऱ्याचा स्तूप पाहिलेले किती? एक हात, आणि ती मुलगीही शाळेच्या सहलीबरोबर जाऊन आलेली. वसईत जन्मलेली, वसईच्या विहिरीचे पाणी प्यालेली ही मुले! मुंबईतील मोठमोठ्या दुकानांचा मजला-मजला त्यांस पाठ आहे, आणि घरापासून कोस-दोन कोसांवर काय आहे याची गंधवार्ता नाही. तेव्हा तेथल्या तेथे असे ठरले की, पहिला दिवस जुन्या स्थळांचा, दुसरा दिवस पाण्याचा, आणि वाहन सायकल.

"सायकल कशाला, फादर? एक बस करा, सुखाने जा, सुखाने या," असे अनेक पालकांनी सुचविले. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु बसमधून जाणारास गाव दिसत नाही, गावाची पाटी तेवढी दिसते. सायकलवाल्यास चढ पायांना कळतो, वारा छातीला कळतो, आणि खाडी जवळ आली हे डोळ्यांआधी नाकाला कळते. शिवाय आम्ही लहान असताना आमच्या गावाचे धर्मगुरू आजाऱ्यांस पवित्र कम्युनियन देण्यासाठी सायकलीवरूनच जात. पांढरा झगा कमरेशी खोचलेला, हँडलला छत्री अडकविलेली, आणि वाटेत भेटेल त्याच्या घरची खबरबात विचारण्यासाठी एक पाय जमिनीवर टेकलेला. त्यांना साऱ्या धर्मग्रामाची नाडी ठाऊक होती. आमच्या मते त्यात त्या सायकलीचा वाटा मोठा होता. असो.

याहून गंभीर हरकत एका मातेची होती. संध्याकाळची रोजरी आटोपल्यावर ती धर्मगुरु-निवासात आली आणि बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या बहिणीचा मुलगा काही वर्षांपूर्वी मित्रांबरोबर एका धबधब्यावर गेला होता, तो परत आला नाही, हे आम्हांस ठाऊक होते. शेवटी ती म्हणाली, "फादर, तुम्ही बरोबर आहात म्हणून मी नाही म्हणत नाही. पण मला पोर परत पाहिजे." आम्ही त्या माउलीस काय उत्तर देणार? आम्ही एवढेच सांगितले की, गुडघ्याच्या वर पाण्यात कोणी उतरणार नाही, आणि हा नियम आम्ही निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून वदवून घेऊ. ती गेल्यावर आम्ही मनाशी म्हटले की, दोन दिवसांचे सारे ओझे या एका वाक्यात आले.

रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही निघालो. सतरा मुलगे, नऊ मुली, धर्मग्रामातील एक अनुभवी पती-पत्नी, आणि आम्ही. कोणाची सायकल गियरची आणि नवी कोरी, कोणाची आजोबांच्या वेळची काळी दांड्याची. आमची या दुसऱ्या जातीची. चाकांतील हवा, ब्रेक आणि साखळी यांची तपासणी आदल्या दिवशीच झाली होती. तरी पहिल्या अर्ध्या तासात दोघांच्या साखळ्या उतरल्या आणि एकाची ट्यूब गेली. पंक्चर काढण्याचे काम दोन मुलींनी इतके चटकन केले की, बाजूस उभे राहून सल्ला देणारे मुलगे नंतर बराच वेळ गप्प होते.

प्रथम सोपारे. नालासोपाऱ्याच्या गर्दीतून वाट काढीत निर्मळकडील रस्त्यास लागले म्हणजे ज्याला लोक बुरूड राजाचा कोट म्हणतात ते स्थळ येते. दिसण्यात झाडांनी वेढलेला विटांचा एक ढिगारा. मुलांची थोडी निराशाच झाली. पण या ढिगाऱ्यावरच आम्ही तासभर बसलो. सन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकलिला, तेव्हा आत एक दगडी पेटी निघाली. तिच्यात बुद्धाच्या आठ लहान मूर्ती आणि एकात एक बसविलेल्या निरनिराळ्या डब्या होत्या; सर्वांत आतली सोन्याची, आणि त्या सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या पात्राचे तुकडे! भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते कोणी श्रद्धावंतांनी जपून ठेविले होते. आज या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. संतांच्या अस्थींस आपण जो मान देतो, तो पाहत वाढलेल्या कॅथॉलिक मुलास सोन्याच्या डबीत मातीचे तुकडे का ठेविले हे समजावून सांगावे लागत नाही. एका मुलीने तर आपण होऊन हलक्या आवाजात बोलण्यास सुरुवात केली, आणि मग सारेच तसे बोलू लागले.

याच सोपाऱ्यात त्याच वर्षी अशोक राजाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो हल्ली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. आठव्या लेखाचा विषय ऐकून मुले चकित झाली, कारण तो विषय सहलींचा आहे. पूर्वीचे राजे मौजेसाठी सफरीस निघत, शिकार करीत. आपण मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधिवृक्षाच्या स्थळी गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केल्या, असा त्याचा आशय आहे. त्या यात्रांत वृद्धांची भेट घ्यावी, दान द्यावे, आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी जाऊन बोलावे. "फादर, हे तुम्ही मुद्दाम शोधून आणलेत," असा आरोप आमच्यावर झाला. आम्ही म्हटले, आम्ही नाही आणले. ते बावीसशे वर्षे येथेच पडून होते.

आता आपल्या स्वतःच्या घरची एक गोष्ट, जी आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक आहे. पवित्र शास्त्रात शलमोन राजाची गलबते ओफीर देशाहून सोने आणीत असे सांगितले आहे. ते ओफीर म्हणजे आपले सोपारे, असे काही विद्वानांनी मानिले. इतरांनी तसे मानिलेले नाही, व आम्ही त्या वादात शिरत नाही. सोने तर हल्ली सोपाऱ्यात सोनारांच्या दुकानातच आहे. परंतु सन १३२१ ची गोष्ट मात्र तर्काची नव्हे. त्या वर्षी एप्रिल महिन्यात ठाण्यास चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी ख्रिस्तासाठी प्राण दिले. टॉलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि देमेत्रिउस ही त्यांची नावे. त्यांचा सोबती जॉर्डानस नामक डोमिनिकन त्या वेळी इकडे सोपाऱ्यास होता. वार्ता कळताच त्याने जाऊन त्यांचे देह आणिले आणि या सोपाऱ्यात पुरिले. पुढे ओडोरिक नामक प्रवासी धर्मबंधूने त्यांच्या अस्थी येथून चीन देशास नेल्या. आम्ही मुलांस हिशेब करावयास सांगितला. पोर्तुगीजांस वसई मिळाली सन १५३४ मध्ये. म्हणजे त्याच्या दोनशे तेरा वर्षे आधी या भूमीने ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह आपल्या पोटात घेतले होते. "आपला धर्म फिरंग्यांच्या गलबतातून आला," असे आपल्याला कोणी हिणविले तर आपण उगीच खाली मान घालतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यांस बाप्तिस्मा पोर्तुगीज अमदानीत मिळाला हे खरेच आहे. परंतु ख्रिस्ताचे नाव येथे त्यांच्या आधी ऐकू आले होते, हेही तितकेच खरे आहे.

तेथून गासला गेलो. संत गोन्सालो गार्सिया यांच्या मंदिरात थोडा वेळ प्रार्थना केली, शिदोऱ्या सोडिल्या. संतांचे चरित्र आपणांस पाठ आहे, म्हणून विस्तार करीत नाही: वसईत सुमारे १५५७ साली जन्म, कोटातील येशूसंघीयांपाशी शिक्षण, जपानात धर्मशिक्षक, मग व्यापारी, मग मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा धर्मबंधू, जपानी भाषेवरील प्रभुत्वामुळे पुन्हा जपानात दुभाष्या, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मरण. सन १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांस संतपद दिले. एकच गोष्ट लक्षात ठेवावयास आम्ही मुलांस सांगितले, कारण ती पुढे उपयोगी पडणार होती: त्यांचा पिता पोर्तुगीज होता व माता येथली होती.

वाटेत भुईगाव लागले. सन १९५६ मध्ये अशोकाचा नववा लेख येथे मिळाला, एवढे सांगून आम्ही पुढे झालो, कारण ऊन चढले होते आणि पाण्याच्या बाटल्या रिकाम्या होत चालल्या होत्या.

कोटात शिरलो तेव्हा तीन वाजले असतील. तट, बुरूज, जमिनीकडील दरवाजा, समुद्राकडील दरवाजा, आणि मध्ये छपरे गेलेली चर्चे. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पायांखाली थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरे आहेत. मुले आपोआप त्यांच्या कडेकडेने चालू लागली. संत योसेफच्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे. जेथे वेदी होती तेथे गवत कमरेइतके वाढले होते. आमच्या मनात काय आले ते आम्ही सांगत नाही. ज्यांनी आयुष्यभर वेदीपाशी उभे राहून मिस्सा केली आहे त्यांस ते सांगावे लागणार नाही.

तेथे एका मुलाने प्रश्न विचारिला. हा मुलगा सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "फादर, चिमाजी अप्पांनी हा कोट घेतला, तेव्हा आपण जिंकलो की हरलो?"

कोणी हसले नाही. आम्हांस वाटते, हा प्रश्न त्या सव्वीस जणांपैकी प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येऊन गेला होता. शाळेच्या पुस्तकात ते वाचतात की आपण जिंकलो, आणि त्यांची छाती अभिमानाने फुगते. घरी आजी सांगते की त्या वेळी आपली देवळे ओस पडली, आणि त्यांचा कंठ दाटतो. दोन्ही सांगणारे त्यांस प्रिय आहेत. मग मुलाने कोणाचे ऐकावे?

आम्ही सर्वांस त्या गवतात बसविले आणि जे आम्हांस ठाऊक आहे ते सांगितले. सन १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांस दिली. दोनशे पाच वर्षे त्यांनी येथे राज्य केले. त्या राज्यात शाळा झाल्या, इस्पितळे झाली, संत फ्रान्सिस झेवियर येथे येऊन गेले. आणि त्याच राज्यात आपल्या हिंदू शेजाऱ्यांची मंदिरे पाडिली गेली, हेही आम्ही मुलांपासून लपविले नाही. जे अन्यायाचे होते त्याला आपल्या धर्माचे पांघरूण घालणे म्हणजे धर्माचाच अपमान करणे होय. सन १७३९ मध्ये बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पा यांनी कोटास वेढा घातला. तटाखाली सुरुंग लाविले. मराठ्यांचे हजारो गडी पडले. शेवटी मे महिन्यात किल्लेदारांनी तह केला. शिबंदीस शस्त्रांनिशी, बायकामुलांसह, सन्मानाने जहाजांवर चढू दिले. शत्रूची स्त्री आणि शत्रूचे मूल सुखरूप जाऊ देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, आणि तिचे श्रेय चिमाजी अप्पांस दिलेच पाहिजे.

मग आम्ही त्या मुलास विचारिले, "जहाजावर कोण चढले?" तो म्हणाला, "पोर्तुगीज." "आणि तुझे वाडवडील?" तो विचारात पडला. आम्ही म्हटले, कोटात प्रामुख्याने पोर्तुगीज सरदार, सैनिक व मठवासी राहत असत. आपले सामवेदी, वाडवळ, कोळी वाडवडील तटाबाहेर वाड्यांत व कोळीवाड्यांत राहत. मे महिन्याचा तो पंधरवडा. पाऊस तोंडावर आलेला. तह कोणाचाही होवो, भाताची पेरणी थांबत नाही. ते कोठेही गेले नाहीत. ज्यांच्याबरोबर त्यांस धर्म मिळाला होता ते गेले. परदेशी मिशनरी गेले. गोमंतकातील मोजके धर्मगुरू मागे राहिले, आणि त्यांच्या हाताशी ना पैसा, ना राजाश्रय. या लोकांस ख्रिस्ती राहण्यात आता कोणताही ऐहिक लाभ नव्हता. तरी ते राहिले. मराठ्यांच्या राज्यात मराठी बोलत, कर भरीत, सण करीत, मुलांस बाप्तिस्मा देत राहिले. "तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे की," आम्ही म्हटले, "जिंकले ते पेशवे, हरले ते फिरंगी, आणि राहिलो ते आपण."

तो मुलगा थोडा वेळ गवताची काडी मोडीत बसला. मग म्हणाला, "संत गोन्सालो असते तर ते कोणत्या बाजूने असते? बाप तिकडचा, आई इकडची." आम्हांस उत्तर सुचण्यापूर्वीच पंक्चर काढणाऱ्या मुलींपैकी एक म्हणाली, "ते दुभाषे होते ना!" या उत्तरात आम्हांस भर घालता येणार नाही, म्हणून आम्ही घातली नाही.

कोटातील चर्चांच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या, हे आपण ऐकिले असेल. त्यांपैकी एक भीमाशंकरच्या देवळात टांगलेली आहे. तिच्यावर १७२९ हे साल आहे. आम्ही ती स्वतः पाहिली आहे. ही हकीकत सांगताच एक मुलगा तावातावाने म्हणाला की, ती परत मागितली पाहिजे. त्यावर मुलांत जो वाद माजला तो पापडीच्या बाजारापर्यंत सायकली चालविता चालविता चालू होता. आमचे मत विचाराल तर, जी घंटा अडीचशेहून अधिक वर्षे भाविकांच्या कानांत देवाचे नाव घालीत आहे ती तेथेच वाजू द्यावी. परंतु हे आमचे मत आहे. वाद करणाऱ्यांस आम्ही गप्प बसविले नाही.

दुसरा दिवस सोमवार, २ ऑक्टोबर; गांधीजयंतीची सुट्टी, आणि आपल्या पंचांगात रक्षक देवदूतांचा सण. पहाटेच्या मिस्सेत त्या देवदूतांकडे आम्ही मुलांस सोपविले, आणि मिस्सेनंतर, कबूल केल्याप्रमाणे, गुडघाभर पाण्याचा नियम एकेकाकडून वदवून घेतला. उड्डाणपुलावरून रेल्वे ओलांडून पूर्वेस गेलो आणि अहमदाबादच्या हमरस्त्यास लागलो. हा रस्ता सायकलींचा नव्हे. मालमोटारी अंगावरून गेल्यासारख्या जातात आणि त्यांच्या वाऱ्याने हँडल हलते. अगदी कडेने, एकामागे एक, पुढे एक मोठा व मागे एक मोठा, असे आम्ही चिंचोटीच्या फाट्यापर्यंत गेलो. त्या तुकड्यात कोणीही गाणे म्हटले नाही. पायथ्याच्या पाड्याजवळ सायकली ठेवून, वनखात्याची परवानगी दाखवून पायी जंगलात शिरलो. हे सारे तुंगारेश्वराचे अभयारण्य. पाऊस नुकता सरलेला, ओढे भरलेले, पायवाटेवर फुलपाखरे इतकी की मुली पाऊल टाकण्यास कचरत.

वाट दाखविण्यास पाड्यातील एक वृद्ध आदिवासी गृहस्थ बरोबर आले. त्यांनी मुलांस विचारिले, "कुठली पोरं तुम्ही? मुंबईची?" तेव्हा काल कोटात प्रश्न विचारणारा मुलगा म्हणाला, "नाही आजोबा, आम्ही इथलेच." म्हातारा हसला आणि त्याच्याशी वेगळ्या प्रकारे बोलू लागला.

धबधबा आधी ऐकू येतो, मग दिसतो. काळ्या पाषाणाचा उंच कडा; या आपल्या डोंगरांचा दगड लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झालेला आहे, त्यांतील एखादा थर टणक, एखादा ठिसूळ; पाणी ठिसूळ थर कुरतडते व टणक थर पायरीसारखा पुढे राहतो. कड्याच्या पायथ्याशी पाण्याने खोदलेला डोह. फेस पांढराशुभ्र, तुषारांत इंद्रधनुष्य. देवाच्या निर्मितीची स्तुती करावी असे ते दृश्य आहे, आणि आम्ही ती मनःपूर्वक केली.

आमच्यात एक मुलगा पट्टीचा पोहणारा आहे. आपण सर्व त्यास ओळखता. त्याने सदऱ्याची बटणे काढावयास सुरुवात केली. नियमाची आठवण दिली तेव्हा तो म्हणाला, "फादर, मी लहानपणापासून बावखलात पोहतो. हे एवढे डबके!" आम्ही बोलण्यापूर्वी तो वृद्ध गृहस्थ बोलला. तो म्हणाला, "बावखलाचं पाणी उभं असतं, बाळा. हे पाणी पडतं." मग त्याने डोहाच्या काठावरील एका सपाट खडकाकडे बोट केले. गेल्या कित्येक पावसाळ्यांत बुडालेल्या मुलांस बाहेर काढण्यासाठी तो गावकऱ्यांबरोबर या डोहात उतरला आहे. तो म्हणाला, "त्या खडकावर आधी चपला सापडतात. मग पोर सापडतं."

पाण्याच्या आवाजाखेरीज कोणताच आवाज नव्हता.

मुलांस भय घालून आम्ही थांबलो नाही. कारण समजले म्हणजे भयाचे शहाणपण होते. कोसळणारे पाणी आपल्याबरोबर हवा आत ओढून नेते. तो फेस दिसतो पाणी, पण असतो अर्धा वारा, आणि वारा मनुष्यास तरंगवीत नाही. पाणी वरून खाली दाबते, तळाशी जाऊन वळते, आणि वर येऊ पाहणारास पुन्हा धारेखाली ओढते. तेथे हात कितीही मारले तरी ते पोकळीत मारल्यासारखे. खडक शेवाळाने गुळगुळीत, गढूळ पाण्यात खोली दिसत नाही, आणि कड्याच्या बुडाशी पाण्याने कोरलेल्या कपारींत अडकलेला मनुष्य वरून दिसतही नाही. त्यातून डोंगरमाथ्यावर पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो, व परतीचा ओढा ओलांडता येत नाही. ऐन पावसाळ्यात पोलीस येथे येण्यास मनाई करितात, ती उगीच नव्हे. पुष्कळांस ती मनाई म्हणजे सरकारची अडवणूक वाटते. ज्यांनी त्या वृद्धाचा चेहरा पाहिला त्यांस ती तशी वाटणार नाही.

त्या पोहणाऱ्या मुलाने बटणे पुन्हा लाविली. त्याचा राग गेला नव्हता हे आम्ही पाहिले, आणि त्याबद्दल त्याचा आदरच वाटला. राग असताना पाळलेली आज्ञा ही खरी आज्ञापालनाची कसोटी. डोहाच्या खाली, जेथे ओढा पसरट होतो, तेथे गुडघाभर पाण्यात सर्वजण मनसोक्त भिजले. आम्हांसही भिजविण्यात आले. नंतर तोच मुलगा परत वर जाऊन त्या सपाट खडकावर कितीतरी वेळ एकटा बसला होता. पायांत बूट घालून.

निघताना मुलांनी आपल्या शिदोऱ्यांचा कचरा गोळा केलाच, शिवाय इतरांनी टाकलेल्या बाटल्यांची दोन पोती भरून खाली आणिली. हे आम्ही सांगितले नव्हते.

संध्याकाळी चर्चच्या फाटकापाशी ती माता उभी होती. तिने सायकली मोजल्या. सव्वीस झाल्यावर ती काही न बोलता घरी गेली.

आता पालकांशी दोन शब्द. मुलांस घरी कोंडून ठेवल्याने ती सुरक्षित राहतात, असा समज आम्हांस मान्य नाही. कोंडलेला मुलगा एक दिवस न सांगता जातो, आणि न सांगता गेलेल्याच्या बरोबर वाट जाणणारे कोणी नसते. त्यांस जाऊ द्या. पण कोणाबरोबर, कोणत्या नियमाने, हे विचारा, आणि शक्य असल्यास स्वतः सायकल काढा. गुडघे दुखतील. आमचे चार दिवस दुखत होते.

सफरीनंतर मंडळाच्या बैठकीत त्या पोहणाऱ्या मुलानेच विषय काढिला की, आपल्या आळीतील बावखलात हल्ली पोहता येत नाही, कारण त्यात राडारोडा पडला आहे. आपल्या वाडवडिलांनी ही बावखले उगीच खणली नव्हती. किनाऱ्याच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते; बावखल ते गोडे पाणी वर्षभर उघडे ठेविते, केळी-पानवेलींस पुरविते, आणि मुसळधार पावसात गावचे पाणी आपल्या पोटात घेते. बावखले बुजवून त्यांवर घरे बांधिली की ते पाणी दुसरी जागा शोधते. सन २०१८ च्या जुलै महिन्यात ते कोठे शिरले हे ज्यांच्या घरात कमरेइतके उभे होते त्यांस विचारा. मंडळाने तीन रविवार खपून ते बावखल उपसले. गाळ काढताना कोणास एक जुना तांब्या सापडला. तो मागच्या दालनात महोत्सवाच्या प्रदर्शनात ठेविला आहे, जरूर पाहावा.

पुढील सफर अर्नाळ्याची ठरली आहे. बाजीराव पेशव्यांच्या सैन्याने तो बेटावरील किल्ला सन १७३७ मध्ये, म्हणजे वसईच्या दोन वर्षे आधी, पोर्तुगीजांकडून घेतला. तेव्हा कोण जिंकले आणि कोण हरले हा वाद पुन्हा होणार, त्याची तयारी करून यावे. सायकली अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ठेवून पुढे होडीने जावयाचे आहे. नावे मंडळाच्या चिटणिसांकडे रविवारच्या मिस्सेनंतर द्यावी. सोळा वर्षांखालील मुलांनी पालकांची सही आणावी. ब्रेक आदल्या दिवशी तपासले जातील, आणि ज्याचे ब्रेक लागत नाहीत त्यास, तो कोणाचाही मुलगा असो, नेले जाणार नाही.